पाच नंबरचा खोकला

सकाळी ७:४०

पाळी बदलताना ओव्हर घ्यायची ती खाटेपाशी उभं राहून, वहीवरून नाही. रात्रपाळीची सिस्टर पुढे, मी मागे आणि माझ्या मागे नर्सिंगच्या दोन विद्यार्थिनी. आमचं जिल्हा रुग्णालय साखर कारखान्यांच्या पट्ट्यातलं. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की प्रसूती विभागातल्या बायकांची बोली बदलते, आणि दिवस भरायच्या आत कळा घेऊन येणाऱ्याही वाढतात. मोळ्या उचलायच्या, पाणी कमी प्यायचं, लघवीला फडात आडोसा नाही म्हणून दाबून धरायची. लघवीचा जंतुसंसर्ग हे अकाली कळांचं एक ओळखीचं कारण आहे.

आज अशा चौघी. दोन नंबर: ३३ आठवडे, गरोदरपणातला मधुमेह, इन्सुलिनवर. तीन नंबर: ऊसतोडीच्या टोळीतली, ३१ आठवडे, रात्री दहाला आली, निफेडिपिनवर. पाच नंबर: जुळं, २९ आठवडे, पहाटे एका खासगी दवाखान्यातून १०८ने पाठवलेली, येतानाच हाताला आयसॉक्ससुप्रीनची ड्रिप. सात नंबर: २८ आठवडे, निफेडिपिनला कळा दबल्या नाहीत म्हणून ती बंद केली, आता मॅग्नेशियम सल्फेट चालू.

"पाच नंबर जरा घाबरट आहे," रात्रपाळीची सिस्टर म्हणाली. "रात्रभर झोपली नाही. धडधडतं म्हणते." तिच्या स्वतःच्या डोळ्यांखाली काळं आलेलं. रात्री तिने एकटीने तीन बाळंतपणं केली होती, तिला काय बोलणार? पण 'घाबरट' हा शब्द मी वहीत उतरवून घेतला नाही.

सकाळी ८:०५

कळा थांबवणाऱ्या औषधांबद्दल नातेवाइकांची एक समजूत असते, की आता नऊ महिने भरतील. तसं होत नाही. या औषधांनी मिळतात ते साधारण दोन दिवस, म्हणजे ४८ तास. तेवढ्यात आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं द्यायची, ६ मिलिग्रॅमचं एक, दर बारा तासांनी, म्हणजे बाळाची फुप्फुसं श्वासासाठी तयार होतात. आणि जिथे नवजात अतिदक्षता कक्ष आहे तिथे तिला पोहोचवायचं. न्यूझीलंडच्या लिगिन्सना मेंढ्यांवर काम करताना दिसलं, की स्टेरॉइड दिलेल्या मेंढीचं अपुऱ्या दिवसांचं कोकरू श्वास घेऊ शकतं. मग हॉवींसोबत त्यांनी हे इंजेक्शन आयांना देऊन पाहिलं आणि १९७२ साली निष्कर्ष छापले. आपल्याकडे २०१४पासून केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यानुसार उपकेंद्रातली एएनएमसुद्धा पहिला डोस देऊन बाईला पुढे पाठवू शकते. तीन नंबरला तो आमच्याकडे येऊनच मिळाला, कारण ती कुठल्याच उपकेंद्रावर थांबली नव्हती.

हे दोन दिवस फुकट मिळत नाहीत. गर्भाशय सैल करणारं औषध रक्तातून जातं, आणि कॅनॉलला पाणी सोडलं की ते जसं एकट्या आपल्याच वावरात जात नाही तसं तेही सगळीकडे जातं. निफेडिपिन गर्भाशयाच्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणून कळ बसते. पण रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही त्याच जातीचा स्नायू असतो. त्या सैलावतात, चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, बीपी उतरतं आणि ते सावरायला हृदय पळायला लागतं. आयसॉक्ससुप्रीन, रिटोड्रिन, टर्ब्युटालिन ही मंडळी तर हृदयालाच थेट चाबूक मारतात: नाडी वाढते, हात थरथरतात, साखर चढते, पोटॅशियम उतरतं.

अडचण अशी की बायका यातलं काहीच या शब्दांत सांगत नाहीत. "जीव घाबराय लागलाय." "काळजात कसंतरी होतंय." "अंगातून वाफा निघतात." आणि अशा वाक्यांना आपल्या तोंडून ठरलेलं उत्तर बाहेर पडतं, "काही होत नाही, घाबरू नको." प्रेमानेच म्हणतो आपण. पण जिच्या शरीरात असं औषध चालू आहे, तिला हे उत्तर नाडी मोजून झाल्यावर द्यायचं. विद्यार्थिनींना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवते. बाकीचं पुस्तकात आहे.

आमच्या वॉर्डाचा नियम: निफेडिपिनच्या प्रत्येक डोसाआधी बीपी आणि नाडी, पहिल्या डोसानंतर तासभर दर पंधरा मिनिटांनी. वरचं बीपी ९०च्या खाली किंवा नाडी १२०च्या वर असेल, तर डोस हातात तसाच ठेवून डॉक्टरांना बोलवायचं.

आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. टीपीआरच्या कागदावर सगळ्यात जास्त खोटं कुठे लिहिलं जात असेल तर श्वासाच्या रकान्यात. कुठल्याही वॉर्डात जाऊन पाहा, सगळ्यांचे १८ किंवा २०. चाळीस खाटा, दोनच आकडे. घड्याळाकडे बघत मिनिटभर कुणाच्या छातीकडे पाहायला वेळ कुणाला आहे? मनुष्यबळाची तक्रार खरी आहे, मीही करते. पण या चौघींपुरतं ते मिनिट काढावंच लागतं.

सकाळी ८:५०

डॉक्टर मॅडमचा राऊंड. पाच नंबरची नाडी ११६. बाळांचे ठोके १६४ आणि १६८, तेही वाढलेले, कारण औषध वारेतून पलीकडे जातंच. मॅडमनी ड्रिप निम्म्यावर आणली, हातातली बाटली संपली की आयसॉक्ससुप्रीन बंद म्हणाल्या, ईसीजी आणि पोटॅशियम सांगितलं. मग मला विचारलं, "कालपासून एकूण सलाईन किती गेलंय?" पाठवणाऱ्या दवाखान्याच्या चिठ्ठीत औषधाचं नाव होतं, वेळ होती, सलाईनचा हिशेब नव्हता. तिच्या आईला विचारलं. "लई बाटल्या झाल्या बाई," एवढंच कळलं. मी इनटेक-आऊटपुटचा नवा कागद काढला आणि वर लिहिलं, 'आधीचं अज्ञात.'

राऊंडच्या शेवटी दारातून एक बाई आली, पोट दगडासारखं घट्ट, अंगावरून लाल जाणारं. एका विद्यार्थिनीने निफेडिपिनची पट्टी हातात घेतली होती. ती ठेवायला लावली. वार सुटतेय अशी शंका असताना, पिशवीत जंतुसंसर्ग असताना किंवा बीपीचा आजार जोरावर असताना कळा थांबवायच्या नसतात. तिला सरळ थिएटरकडे नेलं.

सकाळी ९:४०

सात नंबर. २८ आठवड्यांच्या बाळाचा मेंदू नाजूक असतो. जन्माआधी आईला मॅग्नेशियम सल्फेट दिलं तर पुढे सेरेब्रल पाल्सीचा धोका कमी होतो. ४ ग्रॅम सावकाश, मग तासाला १ ग्रॅम. एकेकाळी हेच औषध कळा थांबवायलाही भरपूर वापरलं गेलं, विशेषतः अमेरिकेत. त्या कामात ते फारसं उपयोगी नाही असं पुढे दिसलं. २०१३मध्ये तिथल्या एफडीएने बजावलं, की अकाली कळांसाठी ते सलग पाच ते सात दिवसांपेक्षा जास्त देऊ नका, पोटातल्या बाळाची हाडं कमजोर होतात.

पहिल्या डोसाला हिला अंगभर भट्टी लागल्यासारखं झालं होतं, उलटीही झाली. ते अपेक्षित असतं, आणि आधी सांगून ठेवलं तर बाई तेवढी बावरत नाही. मी सांगून ठेवते. तिच्या सासूबाई उशाशी बसून पदराने वारा घालत होत्या. "औषध उष्ण पडलं हो तिला. सब्जा भिजवून आणू का?" उष्ण पडलं हे निरीक्षण अगदी बरोबर होतं. "सब्जा आत्ता नको आजी," म्हटलं, "पण तुम्ही एक काम करा. ही बोलताना जीभ जड वाटली, पापण्या मिटायला लागल्या, हाक मारल्यावर ओ द्यायला वेळ लावला, की मला बोलवायला धावत या. लाजू नका." आजी लगेच सरसावून बसल्या. जबाबदारी मिळालेली सासू हे उत्तम मॉनिटर आहे, आणि त्याची बॅटरी उतरत नाही.

माझ्या खिशात छोटी हातोडी असते. विद्यार्थिनीला गुडघ्याखाली ठोकायला सांगितली. पाय उडाला नाही. तिचा चेहरा उतरला. "परत मार. आधी तिला बोट बोटात अडकवून ओढायला सांग, लक्ष दुसरीकडे जाऊ दे." पाय उडाला. मॅग्नेशियम रक्तात वाढायला लागलं की आधी हा झटका जातो, त्यानंतर श्वास मंदावतो, त्याच्याही पुढे हृदय. म्हणून गुडघा पाहायचा. तो आधी सांगतो. श्वास मिनिटाला १६, ठीक. लघवीची पिशवी: चार तासांत २१० मिलिलिटर. तासाला ३०च्या खाली गेली असती तर औषध थांबवलं असतं, कारण मॅग्नेशियम बाहेर टाकायला मूत्रपिंडाशिवाय दुसरा रस्ता नाही. कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलिलिटरची अँप्यूल आणि सिरिंज मी सलाईनच्या स्टँडलाच चिकटवून ठेवते. कपाटाची किल्ली शोधायची वेळ येऊ नये.

सकाळी १०:१५

तीन नंबरचा डेक्साचा दुसरा डोस. पंधरा मिनिटांनी निफेडिपिनची पाळी. कळा जवळजवळ बसल्यात.

"सिस्टर, टकुरं लई ठणकतंय. आन् तोंड जळजळ करतंय, मिरची चोळल्यावानी."

गोळीमुळे डोकं दुखतं हे खरं, पण गरोदर बाईचं डोकं दुखलं की गोळीला दोष देण्याआधी बीपी. वर चढलेलं असतं, डोळ्यांपुढे अंधारी असती, लघवीत प्रथिनं असती, तर हा दुसराच आणि जास्त धोक्याचा आजार निघाला असता. तिचं बीपी निघालं ९८/६०. प्रथिनं नाहीत. म्हणजे गोळीच. मी तिला उठवून बसवलं, पाय खाली सोडायला सांगितले, दोन मिनिटांनी परत पट्टा फुगवला. ८४/५०. "बाई, फिरतंय समदं," म्हणत तिने माझा खांदा धरला. डोस थांबला. डाव्या कुशीवर आडवी केली, डोक्यासाठी पॅरासिटामॉल, मॅडमना फोन. वॉर्डातल्या मावशींना सांगितलं, हिला एकटीला संडासला जाऊ द्यायचं नाही. ऊसतोडीच्या बायका भांडं मागत नाहीत. त्यांना ते कमीपणाचं वाटतं, आणि मग संडासाच्या दारात पडतात.

नाडी ११२ होती. विद्यार्थिनी म्हणाली, गोळीमुळेच असणार. असेल. पण नाडी तापाने पळते, रक्त कमी असलं तरी पळते, आत जंतुसंसर्ग वाढत असला तरी पळते, आणि एकदा 'गोळीमुळे' असं लिहून टाकलं की बाकीच्या गोष्टी कुणी शोधत नाही. ताप ९८.४. पोट दाबून दुखत नाही. पाणी गेलेलं नाही, अंगावरून वास येणारं काही नाही. बाळाचे ठोके १४८. हिमोग्लोबिन मात्र ८.२. लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट उद्या.

"सिस्टर, पहिल्यांदा कळा बसल्याच नाहीत तर जिभेखाली दिलेली गोळी लवकर लागू पडेल ना?" दुसरीने विचारलं. कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळायची पद्धत होती खरी. बीपी धाडकन पडतं, आणि आईचं पडलं की वारेतलं रक्तही घटतं. गोळी गिळायचीच. मॅडम येऊन गेल्या. दोन तास थांबू, बीपी वर आलं आणि कळा परतल्या तरच पुढचा डोस. दिवसाचा एकूण डोस ६० मिलिग्रॅमच्या वर गेला की त्रास झपाट्याने वाढतात, म्हणून डोसांची बेरीज मी केसपेपरच्या समासात लिहीत जाते.

सकाळी ११:०५

मी सात नंबरकडे लघवी मोजत होते. मागून खोकल्याचा आवाज आला, कोरडा, लहान, एकामागून एक तीनदा. वॉर्डात डिसेंबरात खोकला हा आवाजच नाही. अर्ध्या जणी खोकत असतात. पण हा आडव्या पडलेल्या बाईचा होता, आणि खोकून झाल्यावर ती कोपरावर उठली.

पाच नंबर. आई तिला परत झोपवत होती. "नीज गं. जुळं हाय, दम लागायचाच. मला तुझ्या एकटीच्या टायमाला बी लागायचा."

जुळ्याला दम लागतो हे आईचं म्हणणं चूक नव्हतं. पोट छातीला टेकलेलं असतं, शेवटी शेवटी सगळ्याच जड श्वास घेतात. म्हणून तर हे निसटतं. जिला दम लागण्याचं चांगलं कारण आहे, तिच्यात वाईट कारण लपून बसतं.

"कधीपासून?"

"आत्ताच. सपाट पडलं की येतो. बसलं की बरं वाटतं."

घड्याळ बघून मिनिटभर श्वास मोजला. २८. सकाळी आठला मीच २० मोजला होता, लिहिलेला आहे. बोटाला ऑक्सिमीटर लावला: ९१. नाडी १२८. ओठ कोरडे, बोटांना बारीक थरथर. स्टेथोस्कोप पाठीला, खाली, दोन्ही बाजूंना: श्वास आत घेताना बारीक चुरचुर. फुप्फुसात पाणी उतरायला लागलं होतं.

ड्रिपचा चिमटा मी बंद केला. हे आधी. विचारायचं मग. त्यासाठी आमच्याकडे लेखी परवानगी आहे, आणि नसती तरी केलं असतं. खाटेची डोक्याकडची बाजू उचलली, पाठीला दोन उशा, तोंडाला ऑक्सिजन, एका विद्यार्थिनीला मॅडमकडे पळवलं, दुसरीला इमर्जन्सी ट्रॉली आणायला. आईला हात धरून बसायला सांगितलं. "बाई, काय झालं?" "औषध मानवलं नाही. बंद केलंय. आता पाणी काढतो आपण." खोटं बोलायचं नाही, आणि लांब सांगायलाही वेळ नव्हता.

मॅडम तीन-चार मिनिटांत आल्या. फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम शिरेतून. लघवीची नळी. पिशवी भरायला लागली तसा मला धीर आला, आधी नव्हता. छातीचा एक्स-रे पोट झाकून घेतला. ईसीजीत पळणाऱ्या नाडीखेरीज काही नव्हतं, झडपेचा आवाज नव्हता. हे मॅडमनी दोनदा ऐकून पाहिलं, कारण आपल्याकडे लहानपणच्या संधिवाती तापाने आकसलेली हृदयाची झडप कित्येकींना गरोदरपणापर्यंत माहीतच नसते, आणि तशा हृदयाला हे औषध म्हणजे गळ्याला फासच. पोटॅशियम ३.० आलं. साखर १९२, जिला कधी मधुमेह नव्हता.

या औषधात बाईचं शरीर पाणी धरून ठेवतं. वर आपण सलाईन ओतत राहतो, कारण ड्रिप म्हटली की बाटली आलीच. जुळ्यात रक्ताचं पाणी आधीच वाढलेलं असतं. त्यात हृदय १२०च्या वेगाने पळतंय, त्याला भरायलाही फुरसत नाही. यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या कागदावर वेगवेगळ्या हाताने लिहिलेली असते. औषध एकाने लिहिलं, सलाईन दुसऱ्याने लावलं, जुळं सोनोग्राफीच्या रिपोर्टात. बेरीज करायला कुणीतरी खाटेपाशी थांबावं लागतं.

पाठवणाऱ्या दवाखान्याला मी नावं ठेवणार नाही. मध्यरात्री जुळं घेऊन कळा देणारी बाई समोर आहे, आसपास बालरोगतज्ज्ञ नाही, हाताशी जे आहे ते लावून तिला पुढे पाठवलं. त्यांनी डेक्साचा पहिला डोसही दिला होता, तो मोलाचाच. पण चिठ्ठीत सलाईनचा आकडा हवा होता. मॅडमनी तिथे फोन करून झालेला प्रकार सांगितला, आवाज न चढवता.

बारा वाजता: श्वास २२, ऑक्सिजनवर ९७, नाडी १०६. लघवी ६५० मिलिलिटर. आणि पोटावर हात ठेवला तर कळ. औषध बंद केल्यावर त्या परत येणार हे माहीत होतं. आता तिला पुन्हा कुठलंही थांबवणारं औषध नाही, असं मॅडमनी ठरवलं. डेक्साचे दोन डोस झालेत, बारा-चौदा तासांत बाळांना थोडं तरी मिळालंय. बाळांच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम द्यायचं का, ते फुप्फुस आणखी कोरडं झाल्यावर बघू. एसएनसीयूला, म्हणजे आमच्या नवजात बाळांच्या कक्षाला, मी कळवलं: २९ आठवडे, दोन बाळं, दोन वॉर्मर तापत ठेवा.

दुपारी १२:२०

ओपीडीतून मॅडमनी एकीला वॉर्डात नाडी-बीपीसाठी पाठवलं. २६ आठवडे. पदवीधर, नेटकी, फाईल प्लास्टिकच्या पिशवीत. आधीचं एक बाळ सातव्या महिन्यात गेलेलं. आयसॉक्ससुप्रीनच्या गोळ्या महिनाभर चालू, "पिशवी शांत राहावी म्हणून." तक्रार अशी नव्हतीच. मीच विचारलं, हात का थरथरतोय?

"अहो, ते माझं टेन्शनमुळे. मिस्टर म्हणतात, तू विचार फार करतेस."

नाडी ११८. टेन्शन असेलही, बाळ गेलेलं आहे, का नसेल? पण महिनाभराच्या गोळ्यांचाही जाब विचारायला हवा. या जातीच्या गोळ्या तोंडाने घेत राहिल्याने दिवस भरतात असा पुरावा नाही. टर्ब्युटालिनबाबत अमेरिकेच्या एफडीएने २०११मध्ये कडक इशारा दिला: इंजेक्शन ४८ ते ७२ तासांपलीकडे नको, गोळ्या तर अकाली कळांसाठी नकोतच, कारण आयांना हृदयाचे गंभीर त्रास झाले होते, मृत्यूही. युरोपने २०१३मध्ये या गटाच्या गोळ्या प्रसूतिशास्त्रातून काढूनच टाकल्या. आपल्याकडे त्या अजून सहज लिहिल्या जातात, आणि मला ते पटत नाही. मात्र गोळी बंद कर असं मी तिला परस्पर सांगत नाही. माझ्या नोंदीसह परत मॅडमकडे पाठवलं. त्यांनी गोळी थांबवून थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी आणि गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजणारी सोनोग्राफी सांगितली. जाताना ती म्हणाली, "म्हणजे मी उगाच घाबरत नव्हते?" तिला हसू येत होतं.

दुपारी १:१०

डबा. मेथीची भाजी, गार भाकरी. विद्यार्थिनी विचारत होत्या, ही औषधं नव्हती तेव्हा काय द्यायचे? १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्रिट्झ फुक्स नावाचे मूळचे डॅनिश डॉक्टर बायकांना शिरेतून दारू द्यायचे. अल्कोहोलने ऑक्सिटोसिनचा स्राव दबतो, कळा बसतात. बाया झिंगायच्या, रडायच्या, ओकायच्या, आणि बेशुद्धीत उलटी फुप्फुसात जायची भीती. पोरी हसून लोळल्या. पण तेव्हा ते शास्त्र होतं, नियतकालिकांत छापलं जायचं, इतरही देशांत वापरलं गेलं.

अटोसिबॅनबद्दलही विचारलं. ते ऑक्सिटोसिनचाच रस्ता अडवतं, हृदयाला फारसं छेडत नाही, त्रास कमी. किंमत पाहून आमच्या खरेदी विभागाला मात्र धडधडेल. इंडोमेथासिन ३२ आठवड्यांच्या आत आणि दोन दिवसांपुरतं. त्यापुढे बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर मिटायची, ती पोटातच आकसायला लागते आणि गर्भजलही घटतं. आईला काहीच जाणवत नाही, पोट जरा जळजळलं तर तेवढंच. असा दुष्परिणाम कुठलीही सिस्टर नाडीवर बोट ठेवून पकडू शकत नाही. तिथे सोनोग्राफीच लागते. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही बाजू तोलून निफेडिपिनला पसंती दिली. त्याच्या सात वर्षं आधी त्यांनीच असली औषधं नकोत म्हटलं होतं.

मधेच उठून दोन नंबरची साखर तपासली. २४८. डेक्साने चढणारच होती, म्हणून इन्सुलिनची वेळ राखून होते. तिची तक्रार फक्त "सारखी तहान लागतेय" एवढीच. कुणीतरी तिला ग्लुकोजचं पाणी पाजलं होतं, अशक्तपणा येऊ नये म्हणून. पेला उचलून नेला.

दुपारी २:१०

पाच नंबरचं पाणी गेलं. पिशवीचं तोंड सहा सेंटिमीटर. श्वास २०. तिला लेबर रूममध्ये उशांसकट अर्धी बसलेलीच नेली. आई दारापर्यंत आली.

दुपारी २:३५

दुपारपाळीची सिस्टर आली. परत तीच फेरी, आता मी पुढे.

दोन नंबर: साखर दर दोन तासांनी, गोड काही नाही, नातेवाइकांनाही सांगितलंय. सात नंबर: झटका दर तासाला, कॅल्शियम स्टँडला चिकटवलंय, आजी हुशार आहेत, त्यांचं ऐक. पाच नंबर लेबर रूममध्ये, सलाईन नाममात्र, पोटॅशियम परत पाठवायचं, बाळंतपणानंतरही रात्रभर श्वास मोजायचा. वार पडल्यावर रक्ताभिसरण बदलतं तेव्हा फुप्फुसं पुन्हा भरू शकतात.

तीन नंबर: बीपी १०६/६४वर आलं, कळा नाहीत, दुपारचा डोस दिलेला नाही. डेक्साचा तिसरा रात्री सव्वादहाला, चौथा उद्या सकाळी सव्वादहाला. हिचा नवरा बाहेर बसलाय. मुकादमाचे दोन फोन येऊन गेलेत, उचल घेतलीय, एक कोयता कमी पडतोय. नवरा तिला संध्याकाळी न्यायचं म्हणतोय, कळा थांबल्यात तर. सहीचा कागद मागितला तर देऊ नकोस, आधी मॅडमना बोलव. मी त्याला बाळाच्या फुप्फुसाचं समजावलंय, तो हो म्हणाला, पण मुकादमाशी बोलायला तो एकटा पुरा पडणार नाही. फोन आला तर मॅडम स्वतः बोलणार आहेत, नंबर तीन नंबरच्या केसपेपरला मागच्या बाजूला लिहिलाय.